जॅक मायर

(१५ मार्च १९०५ – ९ मार्च १९९१). इंग्लंडचे हौशी क्रिकेटपटू, सॉमरसेट काउंटीच्या (परगण्याच्या) क्रिकेट संघाचे कर्णधार व मिलफील्ड शाळेचे संस्थापक. पूर्ण नाव रोलो जॉन ऑलिव्हर मायर. बेडफर्डशायरमधील क्लॉपहिल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्म. शिक्षण हेलीबरी शाळेत व केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात. १९२४ ते १९२६ अशी तिन्ही वर्षे ते विद्यापीठाच्या संघात होते.

पदवीनंतर ते कापसाच्या दलालीसाठी मुंबईत आले. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांच्या गाजलेल्या चौरंगी स्पर्धेत ते युरोपियनांकडून खेळत. १९२७–२८ च्या हंगामात एकाच सामन्यात त्यांनी १८८ धावांत १६ बळी घेतले. चेंडूची गती मध्यम. पण स्विंग (हवेत वळणारा), कटर (टप्पा पडल्यावर वळणारा), फिरकी असे सारे आलटून-पालटून टाकण्याकडे त्यांचा ओढा होता. त्यामुळे फलंदाज जसा गोंधळे, तशी टप्प्यावरची पकडही कधी कधी सुटे.

पुढे ते संस्थानिकांच्या मुलांचे शिक्षक झाले. त्यांपैकी काहींना घेऊन ते इंग्लंडला परतले आणि १९३५ मध्ये सॉमरसेटमधील स्ट्रीट या गावी, क्लार्क या जोडे बनवणाऱ्या घराण्याचे घर भाड्याने घेऊन त्यांनी मिलफील्ड सुरू केली.

त्या काळी काउंटी क्रिकेटमध्ये हौशी खेळाडूला मानधन नसे, फक्त प्रवास व मुक्कामाचा खर्च मिळे. शिक्षकाला मोकळीक मिळायची ती जुलैअखेर शाळा सुटल्यावर. म्हणजे मे महिन्यापासून खेळणाऱ्या एखाद्या पगारी खेळाडूला ऑगस्टमध्ये जागा सोडावी लागे, आणि आत येणाऱ्याला काउंटी दर्जाच्या गोलंदाजीचा सराव नसे. सॉमरसेटकडे मात्र पगारी खेळाडूच थोडे होते, त्यामुळे असे शिक्षक तिथे अडचण नव्हे, गरज होते. मायर यांनी १९३६ मध्ये टाँटन येथे लँकेशायरविरुद्ध नाबाद २०२ धावा काढल्या. १९४७ मध्ये ते कर्णधार होते. त्या मोसमात सॉमरसेटने लॉर्ड्सवर मिडलसेक्सला एका गड्याने हरवले, आणि मिडलसेक्स पुढे त्याच वर्षीच्या काउंटी स्पर्धेचा विजेता ठरला. हौशी-व्यावसायिक हा भेद १९६२ अखेर रद्द झाला.

त्यांचे खरे मोठेपण मात्र शाळेत आहे. मिलफील्डची फी सर्वांना सारखी नव्हती. ऐपतदार पालकाकडून ते भरपूर घेत आणि त्या पैशावर गुणी पण गरीब मुलांना नाममात्र फीत किंवा फुकट ठेवत. ऑलिंपिक लांब उडी विजेती मेरी रँड (तेव्हाची बिग्नल) आणि वेल्सचा रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्स अशाच सवलतीवर तिथे शिकले. वर्ग लहान ठेवलेले, कारण प्रत्येक मुलाला त्याच्या वेगाने शिकवायचे होते. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलांना अन्य शाळा ‘ढ’ ठरवत असताना इथे त्यांच्यासाठी वेगळे शिक्षण होते. इतके शिक्षक पोसायचे तर खर्च कुठेतरी कापावाच लागे, आणि तो इमारतींवर कापला गेला: कित्येक वर्षे वर्ग तात्पुरत्या बराकींत भरत. या व्यवस्थेचा कच्चा दुवा म्हणजे ती एका माणसावर उभी होती. कोणाकडून किती घ्यायचे, हे मायर पालकाशी समोरासमोर बोलून ठरवत.

पुढे ते मिलफील्डमधून निवृत्त झाले आणि नंतर अथेन्समध्ये त्यांनी पुन्हा शाळेचे काम हाती घेतले.