कुरकुमिन व मूत्रपिंडरक्षण

कुरकुमिन हे हळदीच्या (कुर्कुमा लोंगा) गड्ड्यातील पिवळे रंजकद्रव्य. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. फोगेल व पेल्तिए यांनी ते १८१५ मध्ये वेगळे केले. त्याची रेणुरचना १९१० मध्ये ठरली.

‘कुर्कुमा’ हे नाव अरबी ‘कुर्कुम’वरून आले. त्याचा मूळ अर्थ बहुधा केशर असा होता. संस्कृत ‘कुंकुम’ त्याच कुळातले की सारखेपणा योगायोगाचा, याविषयी मतभेद आहेत. एका भाषेने दुसरीकडून हा शब्द उसना घेतला, हे मत अधिक संभाव्य वाटते. केशर आणि हळद यांच्या नावांतला हा गोंधळ गोव्यातही उतरला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हळद ‘आसाफ्रांव द तेरा’, म्हणजे ‘देशी केशर’, या नावाने येते. वनस्पतीचे मूलस्थान दक्षिण की आग्नेय आशिया, हे सांगणे कठीण जाते, कारण ती त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) व म्हणून वंध्य आहे. श्रावणातल्या पातोळ्यांना सुवास देणारे हळदीचे पान मात्र येथे गैरलागू : तो गुण बाष्पनशील तेलाचा, कुरकुमिनचा साठा गड्ड्यात.

मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांच्या पेशींत तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) दाट असतात. त्यामुळे सिसप्लॅटिन (कर्करोगावरील), जेंटामायसिन (प्रतिजैविक) यांसारख्या औषधांनी निर्माण होणाऱ्या मुक्त मूलकांचा (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील कणांचा) फटका त्यांना लवकर बसतो. कुरकुमिन ही मूलके निष्प्रभ करते; पण त्यासाठी हायड्रोजन फिनॉल गटातून दिला जातो की रेणूच्या मधल्या मिथिलीन गटातून, यावर १९९९-२००० च्या सुमारास वाद झाला. फिनॉल गटाचा पक्ष अधिक भक्कम दिसतो. शिवाय एनआरएफ-२ हे प्रथिन जागृत होऊन पेशीची स्वतःची प्रतिऑक्सिडीकारक विकरे वाढतात, असेही मानले जाते. उंदरांवरील प्रयोगांत रक्षणाचा परिणाम वारंवार आढळला. मात्र हा रेणू प्रयोगशाळेतील परीक्षणांत स्वतःच ढवळाढवळ करून फसवे निष्कर्ष देतो, हा रसायनज्ञांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

माणसांत चित्र वेगळे. कुरकुमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते. मिरीतील पायपरिन या द्रव्याने शोषण वाढते, असे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांना आढळले. इराणमध्ये २०११ साली मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या ४० रुग्णांच्या चाचणीत २० जणांना दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम हळद दिल्यावर त्यांच्या लघवीतील प्रथिन घटले; ही चाचणी दोन महिन्यांचीच होती. कॅनडात १० रुग्णालयांतील ६०६ महाधमनी-शस्त्रक्रिया रुग्णांवरील चाचणीत (२०१८) उलट अनुभव आला : कुरकुमिन घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना मूत्रपिंडाची तीव्र इजा झाली.

गोव्याच्या काणकोण तालुक्यातील अनाकलनीय कारणाच्या दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराबाबत आम्लधर्मी भूजल, सिलिका व शिसे यांवर संशय घेतला गेला आहे. तेथे हळदीपेक्षा विहिरीचे पाणी तपासणे आधीचे. जास्त मात्रेतील हळदीने लघवीतील ऑक्झलेट (मुतखडे बनवणारा क्षार) हेही वाढते. मुतखड्याच्या रुग्णांनी हे ध्यानात घ्यावे.