सनमायकाखालचा गोंद: पाणी जाणार कुठून?

फर्निचरच्या गोंदाची गोष्ट बहुतेक वेळा ताकदीची म्हणून सांगतात. ताकद तर जुन्या सरसातही होती. लाकूड फाटे, पण जोड सुटत नसे. घोळ होता तो गोंदातल्या पाण्याचा.

जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला सरस हजारो वर्षे चालला. इजिप्तमध्ये थीब्ज येथे रेखमिरेच्या थडग्यात (इ.स.पू. पंधरावे शतक) सरसाचे भांडे विस्तवावर ठेवून काम करणारे सुतार रंगवलेले आहेत. सरस गरम असतानाच लावायचा. गार होताच तो धरतो आणि उरलेले पाणी लाकूड पिऊन टाकते. वरचे व्हिनियर म्हणजेही पातळ लाकूडच, त्यामुळे ओल दोन्हीकडून निघून जाई. दमट हवेत मात्र हाच सरस मऊ पडे आणि त्याला बुरशी धरे.

१९१२ साल इथे महत्त्वाचे. अमेरिकेत डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी फॉर्मायका, म्हणजे रेझिनमध्ये (चिकट राळेसारख्या रसायनात) मुरवलेले थर दाबून केलेली टणक शीट, तयार केली, तीही विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायला. त्याच सुमारास जर्मनीत फ्रिट्झ क्लाट्टे यांनी व्हायनिल ॲसिटेट शोधले, ज्यापासून पुढे पांढरा गोंद आला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वरच्या थरात मेलामाइन रेझिन आले, फिक्कट रंग आणि नक्षी शक्य झाली आणि ही शीट टेबलांवर चढली.

पण अशा शीटमधून, म्हणजे लॅमिनेटमधून (आपण ज्याला सनमायका म्हणतो), पाणी आरपार जात नाही. पांढऱ्या गोंदातले सगळे पाणी प्लायलाच प्यावे लागते. म्हणून तर सुतार गोंद सारखा पसरतो, वर वजन ठेवतो, कडेला चिकटपट्टी मारतो आणि रात्रभर हात लावू देत नाही. गोंद जास्त झाला की फुगा आलाच. एकाच बाजूला लॅमिनेट लावले तर दाराला बाक येतो, तो वेगळाच.

भारतात बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल हा पांढरा गोंद आणला आणि तो थेट सुतारांपर्यंत नेला. गाजल्या त्या जाहिराती. माझ्या मते खरी चाल थेट सुतारांकडे जाण्याची होती. सरस शिजवत बसण्यातून सुटका झाली, हे कारागिराला वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

उभ्या किंवा गोलाई असलेल्या कामाला निओप्रीन रबराचा गोंद बरा. दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा, द्रावक उडू द्यायचा, मग दाबायचा. शीट एकदा टेकली की सरकत नाही, आणि बंद खोलीत त्या वासाने डोके चढते.

प्रीलॅम बोर्डाला (कारखान्यातच वरचा थर चढवलेल्या बोर्डाला) तर वेगळा गोंद लागतच नाही. कागदात मुरवलेले मेलामाइन गरम प्रेसखाली वितळून बोर्डावर पक्के होते. प्रश्न उरतो कडांचा. तिथे कडेची पट्टी मशीनवर ईव्हीए हॉटमेल्टने, म्हणजे गरम करून वितळवलेल्या गोंदाने, चिकटवतात. त्यात पाणी नाही, द्रावक नाही, मात्र शेगडीजवळच्या कपाटाच्या दाराची पट्टी उष्णतेने सुटू शकते. त्यावर उपाय म्हणून आलेला पीयूआर (पॉलियुरेथेनचा हॉटमेल्ट) हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो आणि पुन्हा वितळत नाही. म्हणूनच तो हवाबंद ठेवावा लागतो, काम संपले की मशीन साफ करावे लागते; लहान वर्कशॉपला ते परवडत नाही, तिथे अजून ईव्हीएच चालतो.