जीवा, जेब आणि मंगळावरचे कालवे

भूमितीच्या तासाला वर्तुळ काढलं की दोन शब्द हमखास येतात, त्रिज्या आणि जीवा. दोन्हींच्या पोटात धनुष्याची दोरी आहे. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, अर्थात धनुष्य, आणि त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा म्हणजे ज्या किंवा जीवा, त्या धनुष्याची दोरी. इ.स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने 'आर्यभटीय'मध्ये अर्ध्या दोरीचं गणित मांडलं. कोन वाढत जाताना ती किती वाढते याचे त्याने २४ आकडे दिले: २२५, २२४, २२२ असे उतरत जाणारे. या अर्ध्या दोरीचं नाव अर्धज्या. पुढे 'अर्ध' गळून पडलं आणि नुसती ज्या राहिली. तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या, ती त्रिज्या.

हे गणित आठव्या शतकात बगदादला पोचलं. तिथल्या विद्वानांनी 'जीवा'चं भाषांतर केलं नाही, उच्चार तेवढा उचलला, 'जीब'. अरबीत या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. त्यातून अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे 'जीब' आणि 'जैब' एकाच अक्षरांत लिहिले जातात. जैब मात्र रोजच्या वापरातला शब्द होता: अंगरख्याची छातीवरची घडी. खिसा या अर्थाची आपली 'जेब' फारसीमार्गे त्यातूनच आली. बाराव्या शतकात ही पुस्तकं लॅटिनमध्ये गेली तेव्हा भाषांतरकारांनी हाच अर्थ धरला आणि घडीसाठी त्यांच्याकडे असलेला शब्द लिहिला, 'सायनस'. त्याचाच पुढे त्रिकोणमितीतला 'साइन' झाला. धनुष्याच्या दोरीची कापडाची चुणी झाली, आणि गणिताला तिळभरही धक्का लागला नाही! सर्दीत ठणकणारे सायनस, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या, याच लॅटिन शब्दाच्या.

शास्त्रीय नावांमध्ये जुन्या चुका अशा जपून राहतात, आणि मला त्या मोलाच्या वाटतात. त्या काळी माणसं काय समजत होती हे तिथे जसंच्या तसं सापडतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. आजार डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ मधल्या शोधानंतर कळत गेलं. (आपला 'हिवताप' या बाबतीत खरा निघाला. त्याने कारण सांगितलंच नाही, हुडहुडी आणि ताप एवढंच सांगितलं.) ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल घडवणारा', कारण प्रत्येक आम्लात तो असतोच अशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही.

पण एका शब्दाने सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती मंगळावर. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना मिलानच्या वेधशाळेतून जोव्हान्नी शियापारेल्ली यांना त्याच्यावर बारीक रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना 'कानाली' म्हटलं. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक प्रवाहमार्गालाही चालतो आणि खोदलेल्या कालव्यालाही. इंग्रजीत तो 'कॅनल' झाला, म्हणजे फक्त खोदलेला. सुएझ कालवा सुरू होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. कालवा आहे म्हणजे खोदणारे असणारच! अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारली आणि तहानलेल्या ग्रहावर ध्रुवांकडचं पाणी वळवून आणणाऱ्या मंगळवासीयांचं चित्र लोकांपुढे ठेवलं. मंगळावरून येणारी स्वारी मग कादंबऱ्यांत शिरली, नंतर रेडिओवर आणि पडद्यावर.

१९०३ मध्ये ग्रिनिचचे खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड माँडर यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. शाळेतल्या मुलांसमोर एक चकती ठेवली. तिच्यावर ठिपके आणि वेडेवाकडे डाग होते, कालवा एकही नव्हता. मुलांना वेगवेगळ्या अंतरांवर बसवून दिसेल ते काढायला सांगितलं. डाग जेमतेम कळतील इतक्या अंतरावरच्या अनेक मुलांनी त्यांच्या जागी सरळ रेषा काढल्या. मुलं खोटं बोलत नव्हती. नजरेच्या टोकाशी ठिपके सुटे दिसेनासे झाले की डोळा आणि मेंदू मिळून त्यांची रेघ जुळवतात.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं. छायाचित्रांत चंद्रासारखी विवरं निघाली, कालवे नाहीत. मग १९७१ मध्ये मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागलं, आणि धुळीचं वादळ निवळल्यावर त्याच्या कॅमेऱ्यांना पाण्याने कोरलेली लांबच लांब कोरडी पात्रं दिसली. जुन्या नकाशांवरच्या बहुतेक रेषांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण ते नैसर्गिक प्रवाहमार्ग होते, इटालियन अर्थाने अगदी कानालीच.