नखाचा ओरखडा की दाताचं भोक? मांजराच्या दोन जखमा आणि त्यांचे वेगवेगळे उपाय

आमच्या बोक्याचं नाव ढवळ्या. गेल्या पावसाळ्यात तो रात्रभर माळवदावर दुसऱ्या बोक्याशी भांडला आणि पहाटे रक्ताळलेलं तोंड घेऊन चुलीपाशी येऊन बसला. नाकापासून डोळ्याखालपर्यंत लांब ओरखडा होता आणि एका कानाची कड फाटली होती. कानाला जरासं लागलं तरी रक्त फार येतं, त्यात पांढरा बोका. माय घाबरून म्हणाली, "ह्याचं काय खरं नाय आता." आम्ही सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडेच पाहिलं. जखम धुतली, पुसली, दोन दिवसांत तिच्यावर खपली धरली. घर निर्धास्त झालं.

चौथ्या दिवशी ढवळ्या सोयाबीनच्या पोत्यांमागे जाऊन बसला. हाक मारली तरी येईना, दुधाला तोंड लावीना. उचलायला गेले तर ओरडला आणि माझा हात ओरबाडला. शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवली तेव्हा लिंबाएवढी गरम गाठ हाताला लागली. तिच्यावर, केसांत दडलेली, मुगाच्या दाण्याएवढी खपली होती. त्याच रात्री दुसऱ्या बोक्याचा दात तिथे रुतला होता आणि आम्हाला चार दिवस त्याचा पत्ता नव्हता.

मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं या दोन जखमा वेगळ्या ओळखायला शिकावं असं मला तेव्हापासून वाटतं. आपल्याकडे खेड्यात मांजरासाठी डॉक्टर मिळणं अवघड असतं. गावच्या दवाखान्यातले डॉक्टर एखादी म्हैस अडली म्हणून वाडीवर गेलेले असतात, आणि त्यांनी जायलाच पाहिजे. अशा वेळी घरी काय करायचं हे जखम नखाची आहे की दाताची यावर ठरतं. ओरखडा मिटू द्यायचा असतो. दाताचं भोक लवकर मिटू द्यायचं नसतं. हे उलटं झालं की मांजराचे हाल होतात.

नख फाडतं आणि दात टोचतो. नखाची जखम बहुतेक वेळा वरच्यावर असते. ती लांब असते, उघडी असते, तिच्यातून रक्त वाहतं आणि वाहताना घाणही बाहेर येते. हवा लागते, मांजर चाटतं, खपली धरते. मांजराचा सुळा मात्र बारीक, लांब आणि टोकदार असतो. तो कातडीतून सुईसारखा आत जातो आणि तोंडातले जंतू खोल सोडून बाहेर येतो. यात पाश्चुरेला नावाचा जंतू नेहमीचा. निरोगी मांजराच्या तोंडातही तो राहतो, तिथे त्याचा काही त्रास नसतो. पण कातडीखाली गेला की पू करतो. त्यातून मांजराची कातडी सैल, आणि वरचं भोक एखाद्या दिवसात बुजून जातं. आत जंतू आणि वर झाकण, म्हणजे कणगीचं तोंड लिंपून टाकावं तशी गत होते. दोन ते पाच दिवसांत गळू होतं, ताप चढतो आणि मांजर खाणं सोडतं.

मग ओळखायचं कसं? डोळ्यांनी फार काही कळत नाही, बोटांनी कळतं. मांजर भांडून आलं की तोंड बघून झाल्यावर त्याला मांडीवर घ्या आणि केसांच्या उलट दिशेनं सावकाश हात फिरवा. समोर उभा राहून भांडलेल्या बोक्याला चावे डोक्यावर, गालावर, मानेवर आणि पुढच्या पायांवर असतात. पळत सुटलेल्याला शेपटीच्या मुळाशी नाहीतर मागच्या पायांवर. कुठे केस चिकटून गुंता झालाय का, बारीक खपली लागते का, हात लावताच अंग आक्रसतं का, हे पाहा. एक भोक सापडलं तर जवळच दुसरं शोधा, कारण सुळे जोडीनं असतात. कधीकधी नखसुद्धा खोल रुततं. शंका आली तर ती जखम दाताचीच समजावी, तेच बरं.

ओरखड्याचं काम थोडक्यात उरकतं. स्वच्छ कापडानं पाच मिनिटं सारखं दाबून धरलं की रक्त थांबतं. मधूनमधून उचलून बघायचं नाही. मग मिठाच्या पाण्यानं धुवायचं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ विरघळवायचं. बोअरचं पाणी न उकळता वापरू नका. मेडिकलमध्ये मिळणारी साध्या सलाईनची बाटली म्हणजे हेच प्रमाण, ०.९ टक्के. जखम धुतली की टिपून कोरडी करायची आणि मोकळी सोडायची, पट्टी नको. मांजर पट्टी फाडतं, नाहीतर ती ओली होऊन आत कुजते. दिवसातून दोनदा नजर टाका. तीन-चार दिवसांत खपली कोरडी पडली आणि मांजर नेहमीसारखं जेवत असलं तर आणखी काही करावं लागत नाही. ओरखडा डोळ्याच्या बुबुळावर असेल, किंवा कातडीचे काठ इतके फाकले असतील की आतलं मांस दिसतंय, तर मात्र तो किरकोळ ओरखडा राहिला नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टर पाहिजे.

दाताच्या भोकाला वेळ द्यावा लागतो. आधी मांजराला जुन्या चादरीत घट्ट गुंडाळा, दुखरा भाग तेवढा बाहेर ठेवा. हे दोघांचं काम आहे, एकानं धरायचं आणि एकानं धुवायचं. भोवतीचे केस कात्रीनं कापायचा मोह आवरा. मांजराची कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर तीच कापली जाते. केस ओले करून बाजूला सारले तरी पुरतं. कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेलं कापड त्या जागी पाच ते दहा मिनिटं धरायचं. खपली मऊ होऊन आपोआप निघेल तर निघू द्यायची. मग बिनसुईच्या सिरिंजनं तेच पाणी भोकावर सोडायचं. सिरिंजचं टोक आत खुपसायचं नाही, जोरही लावायचा नाही. असं दिवसातून तीन-चार वेळा. भोक चार-पाच दिवस उघडं राहून आतून वर भरत आलं पाहिजे.

त्यानंतर बिटाडीन लावता येतं, पण बाटलीतलं तसंच नाही. एक भाग औषध आणि नऊ भाग उकळून गार केलेलं पाणी. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला म्हणजे बरोबर. कापसानं वरवर लावा आणि दहा मिनिटं चाटू देऊ नका. बोका फारच चाटत असेल तर पुठ्ठ्याचा नाहीतर जुन्या एक्स-रे फिल्मचा गळपट्टा करता येतो. त्याची कड मऊ कापडानं मढवा आणि गळ्याशी दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. जेवताना काढायला विसरू नका.

हळदीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात सगळ्यात आधी हात हळदीच्या डब्याकडेच जातो. हळद मांजराला विषारी नाही. ओरखड्यावर चिमूटभर पडली तर फार बिघडत नाही, फक्त मांजर पिवळं होतं. पण हळद-तेलाचा लेप दाताच्या भोकावर थापला की ते झाकण आपणच घट्ट करतो. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमानं तेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी लेपाखालून गळू फुटलं तेव्हा त्यांना किती वाईट वाटलं, ते मी पाहिलंय. त्यांची माया खोटी नव्हती. भोकाला मलम चालत नाही एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता जे कुठल्याच जखमेला चालत नाही ते. पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होणारं, उग्र वासाचं जंतुनाशक आपण माणसाच्या जखमेला सर्रास वापरतो. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं. मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे कातडीला लावलेलं सगळं पोटात जातं. आणि असे पदार्थ निकामी करायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे फार तोकडी असते. फिनेलचंही तेच. तापासाठी पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या लेकराला देतो ती पातळ औषधंही त्यातच आली. स्पिरिट आणि फेसाळणारं पेरॉक्साइड जंतूंबरोबर नवं येणारं मांसही जाळतात. कापूर, निलगिरीचं तेल, झिंकचं पांढरं मलम आणि बधिर करणारी मलमं डब्यातच राहू द्या.

गोठा आणि मांजर एकाच अंगणात असतात, त्यामुळे आपल्या भागात एक वेगळा धोका आहे. गुरांच्या गोचिडांवरची औषधं आणि कुत्र्यांच्या पिसवांची पावडर यांत बऱ्याचदा परमेथ्रिन किंवा त्याच्या जातीतलं द्रव्य असतं. बैलाला काही होत नाही, पण मांजर थरथरतं, झटके येतात, मरतंही. जखमेवर माशा बसतात म्हणून हे औषध मांजराला शिंपडणं म्हणजे घातच. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइन ओततात, सीताफळाचा पाला वाटून भरतात. मांजर दोन्ही चाटणार. श्रावण-भाद्रपदात माशा फार असतात, म्हणून जखम वाहत असेपर्यंत मांजराला घरात, जाळीच्या खोलीत ठेवा. भाताच्या कणीसारखे पांढरे दाणे केसांत दिसले तर ती माशीची अंडी आहेत. ती बारीक फणीनं लगेच काढा, दिवसभरात त्यांतून अळ्या निघतात. अळ्या आत गेल्या असतील तर घरचे उपाय संपले.

गाठ आलीच तर? गरम कापडानं शेकू शकता, कापड आपल्या मनगटाला सोसेल इतकंच गरम. शेकानं गळू वर येतं आणि कधी आपणच फुटतं. फुटलं तर घाण वास येईल, घाबरू नका, पू बाहेर आला हे चांगलंच झालं. मिठाच्या पाण्यानं धुवा आणि भोक उघडं ठेवा. पण ब्लेडनं, सुईनं फोडायला जाऊ नका आणि पिळूही नका. पिळलेला पू आतल्या आत पसरतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलही अंदाजानं देऊ नयेत. डॉक्टरांना फोनवर मांजराचं वजन सांगा आणि ते सांगतील तेवढीच द्या. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली तर मागून सिरिंजनं पाच मिलिलिटर पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो.

चोवीस तास मांजरानं काहीच खाल्लं नाही तर गाडीची सोय बघा. माणसाला एक-दोन उपास सोसतात, मांजराला सोसत नाहीत. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, आणि अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्या पडल्या, श्वास तोंडानं चालला, पाय टेकवेना, किंवा चावा छातीवर, पोटावर नाहीतर सांध्यावर असला, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजर नेलं तर कुणी हसेल अशी लाज बाळगू नका. परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली चिकित्सालयं आहेत. ढवळ्याला आम्ही परभणीलाच नेलं होतं, भाजीच्या क्रेटला वरून जाळी बांधून. तिथे चीर देऊन पू काढला आणि आठवडाभर भोक मिटू देऊ नका असं बजावून परत पाठवलं.

चावा मांजराचा नसून कुत्र्याचा, कोल्ह्याचा किंवा मुंगसाचा असेल तर ओरखडा की भोक हा प्रश्नच उरत नाही. हातात रबरी मोजे घालून जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुवा आणि मांजराला रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे न्या. जखम तिळाएवढी असली तरी न्या.

आणि धरताना मांजरानं आपल्याला ओरबाडलं किंवा चावलं तर? माझ्या हातावर ढवळ्याची नखं लागली आणि त्याच झटापटीत अंगठ्याच्या मुळाशी एक दातही लागला. ओरखडे लाल, झोंबणारे होते. दाताचा ठिपका दिसतही नव्हता, आणि संध्याकाळी सुजला तोच. माणसाच्या हातातही पाश्चुरेला तसाच वागतो, कधीकधी बारा तासांच्या आत. दोन्ही जखमा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायच्या, घड्याळ लावून. वर चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिथे गेल्यावर डॉक्टरांना ओरखडे आपोआप दिसतील. दाताची जागा मात्र आपण बोट ठेवून दाखवायची.