विजेला दारं धरता येत नाही

2013च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तरी आसपासच्या जिल्ह्यांना वीज मिळत राहिली. ती वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून, दुसरीकडून आली. कोणत्या तारेतून किती, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

पाटाचं पाणी वाफ्यात वळवायचं तर आपण दारं धरतो. विजेच्या जाळ्यात तशी सोय मुळात नाही. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र कोणत्या वीजनिर्मिती संचाने किती वीज करायची ते सांगू शकतं. पुढची वाटणी भौतिकशास्त्र करतं. प्रत्यावर्ती म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी) प्रवाहाला तारेभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र अडवतं. लांब तारेत हा अडथळा जास्त, म्हणून तिच्या वाट्याला वीज कमी.

समजा, दोन उपकेंद्रांमध्ये प्रत्येकी 600 मेगावॅट क्षमतेचे दोन मार्ग आहेत आणि एकाचा अडथळा दुसऱ्याच्या दुप्पट आहे. 900 मेगावॅट सोडले की जवळच्या मार्गावर 600 आणि लांबच्यावर 300 जातात. जवळचा भरला, लांबचा निम्मा रिकामा, तरी आणखी वीज सोडता येत नाही. वीजटंचाईच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

उपाय आहेत. लांबच्या तारेच्या मार्गातच कपॅसिटर, म्हणजे या अडथळ्याच्या उलट परिणाम करणारं उपकरण, बसवून तिचा निम्मा अडथळा खोडला, की दोन्हींवर 600-600. कपॅसिटरला थायरिस्टरची, म्हणजे झटपट चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची, जोड दिली तर हे प्रमाण चालू लाइनवरही बदलता येतं. दुसरी युक्ती कलेची, म्हणजे लाटांच्या फेजची. दोन टोकांच्या व्होल्टेजच्या लाटा जितक्या मागेपुढे, तितकी जास्त वीज वाहते. खास रोहित्राने हा फरक मुद्दाम वाढवता किंवा घटवता येतो.

वाटणी बिघडली तर काय होतं, ते 30 जुलै 2012ला दिसलं. बीना-ग्वाल्हेर या 400 केव्ही लाइनवर दोष नव्हता, भार अति होता. रिलेला, म्हणजे दोष दिसताच लाइन तोडणाऱ्या उपकरणाला, तो दोष वाटला, लाइन तुटून बंद पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली.

पक्कं नियंत्रण हवं तर उच्चदाब एकदिश (डीसी) लाइन, जिच्यात प्रवाहाची दिशा सतत बदलत नाही. चंद्रपूर-पडघे लाइन 1500 मेगावॅट नेऊ शकते. तिच्यावर किती वीज न्यायची तो आकडा चालक ठरवतो, दोन टोकांची, एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारी परिवर्तक केंद्रं तो पाळतात. ही केंद्रं फार महाग असतात, म्हणून वाटेत कुठेच बांधलेली नाहीत. त्यामुळे मधल्या गावांना त्या तारेतून थेट वीज घेता येत नाही.