ग्वादलूप १९७६ : न झालेल्या उद्रेकाची पार्श्वभूमी

ज्वालामुखीचा अंदाज फसल्याचे उदाहरण द्यायचे झाले की कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटाचे नाव हमखास पुढे येते. १९७६च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ला सुफ्रिएर पर्वताच्या पायथ्याची सुमारे ७३ हजार माणसे घरांतून हलवली गेली, साडेतीन महिने बाहेर राहिली, आणि ज्या उद्रेकाच्या भीतीने हे सगळे झाले तो उद्रेक झालाच नाही. एवढ्यावरून निर्णय चुकला म्हणणे सोपे आहे. पण त्या ऑगस्टमध्ये हाताशी कोणती माहिती होती, पाऊणशे वर्षांपूर्वी शेजारच्या बेटावर काय घडले होते आणि पुढच्या काळात इतर पर्वत कसे वागले, हे पाहिले की हा ठपका टिकत नाही.

पर्वताच्या स्वभावापासून सुरुवात करू. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या उद्रेकांतून आला त्यांत भेगांतून पातळ बेसाल्ट मैलोन् मैल पसरत गेला. कॅरिबियनच्या पूर्व कडेची बेटे वेगळ्या जातीची आहेत. तिथे अटलांटिकचा तळ वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो आणि सोबत गाळातले व खडकांतले पाणी खोलवर नेतो. त्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. अंदमानच्या बॅरन बेटामागचे कारणही हेच. असा शिलारस वर येता येता बदलत जातो, त्यातले सिलिकाचे प्रमाण वाढते आणि तो अँडेसाइटचा होतो. बेसाल्ट काकवीसारखा वाहतो असे धरले, तर अँडेसाइट म्हणजे कढईत आळून घट्ट होत आलेला गूळ. त्यात कोंडलेली वाफ व इतर वायू सहज सुटत नाहीत. ते हळूहळू निसटले तर विवरात खडकाचा घुमट उभा राहतो. न निसटले तर शिलारसाच्या ठिकऱ्या होतात आणि तापलेली राख, दगड व वायू यांचा लोट उतारावरून गाडीपेक्षाही वेगाने खाली येतो.

तिसरीही एक शक्यता असते आणि ग्वादलूपचा सगळा वाद तिच्याभोवती फिरला. शिलारस खालीच राहतो, पण त्याची उष्णता व वायू डोंगराच्या पोटातल्या भूजलापर्यंत पोचतात. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढते. वाट सापडली नाही की ती वाफ जुना खडक फोडून बाहेर पडते. यालाच बाष्पस्फोट म्हणतात. बाहेर येणारी राख नव्या शिलारसाची नसते, जुन्या डोंगराचाच तो भुगा असतो. पुस्तकांतले उद्रेकांचे प्रकार, म्हणजे हवाई, स्ट्राँबोली, व्हल्कॅनो, प्लिनी, पेले, हे सगळे उद्रेक आटोपल्यावर त्याच्या खुणांवरून लावलेली नावे आहेत. पायथ्याच्या गावाला मात्र प्रकार आधी कळायला हवा असतो. बाष्पस्फोट हा स्वतंत्र प्रकार असू शकतो किंवा मोठ्या उद्रेकाचे पहिले पाऊलही असू शकते, आणि सुरुवातीला दोन्ही अगदी सारखे दिसतात.

ला सुफ्रिएरमधून नवा शिलारस बाहेर पडल्याची शेवटची खूण साधारण १५३०च्या सुमाराची आहे. आज दिसणारा माथ्यावरचा घुमट तेव्हाचा. फ्रेंच वसाहत झाली १६३५मध्ये. त्यानंतरच्या लेखी इतिहासात १६९०, १७९७-९८, १८१२, १८३६-३७ आणि १९५६ इतके उद्रेक येतात, आणि सगळेच्या सगळे बाष्पस्फोट. तेव्हा हा पर्वत वाफ सोडतो, गुरगुरतो आणि शांत होतो, असा समज लोकांत रुजला तर नवल नाही.

शेजारच्या मार्तिनिक बेटावरच्या पेले पर्वताबद्दलही लोकांचा समज असाच होता. त्याच्या लेखी इतिहासात १७९२ आणि १८५१ असे दोनच किरकोळ बाष्पस्फोट होते. १९०२च्या एप्रिलअखेर पुन्हा राख पडू लागली, मे महिन्याच्या पाच तारखेला चिखलाच्या लोंढ्याने एक साखर कारखाना गाडला, तरी सेंट पिएर शहर रिकामे करावे असे कोणी ठरवले नाही. सरकारने नेमलेल्या समितीने विवराची जागा आणि समुद्राकडे जाणाऱ्या दऱ्या पाहता शहराला धोका नाही असा निर्वाळा दिला. आठ मेच्या सकाळी आठच्या सुमारास तापलेल्या राखेचा लोट शहरावर आला आणि काही मिनिटांत सुमारे २८ हजार माणसे गेली. गव्हर्नरही त्यांत होते. आदल्याच दिवशी सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या पर्वताने सुमारे १,६०० बळी घेतले होते. मार्तिनिक आणि ग्वादलूप ही दोन्ही फ्रेंच बेटे असल्याने १९७६च्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सेंट पिएर होते. ते भयगंडापोटी वागले असे आजही लिहिले जाते. मला ती साधी स्मरणशक्ती वाटते.

ला सुफ्रिएरखालचे धक्के १९७५च्या जुलैपासून वाढू लागले. वर्षभराने, ८ जुलै १९७६ रोजी, ऐनवेळची कोणतीही ठळक सूचना न देता पहिला स्फोट झाला. घुमटाला भेग पडली, राखेने पायथ्याशी भरदिवसा अंधार झाला आणि हजारो लोक स्वतःहून बेटाच्या दुसऱ्या भागात निघून गेले. पॅरिसच्या ज्या संस्थेकडे या पर्वताची देखरेख होती तिच्या ज्वालामुखी विभागाचे प्रमुख पाहणीला आले. जगभरातल्या ज्वालामुखींवर प्रत्यक्ष चढलेले ते अनुभवी गृहस्थ होते. हे बाष्पस्फोट आहेत, शिलारस वर आलेला नाही, शहराला धोका नाही, असे सांगून ते दुसऱ्या देशातल्या मोहिमेवर गेले.

ऑगस्टमध्ये परिस्थिती बिघडली. धक्क्यांची संख्या व जोर वाढला, १२ तारखेला आणखी एक स्फोट झाला, आणि राख तपासणाऱ्या दुसऱ्या गटाने तिच्यात ताजी काच असल्याचे कळवले. सगळा वाद या काचेवर येऊन ठेपला. शिलारस स्फोटाने उडून झटकन निवला तर त्यात स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. तेव्हा राखेत ताजी काच सापडणे म्हणजे शिलारस वाटेत पाण्याला भिडला असल्याचा पुरावा. मग तो बाष्पस्फोट उरत नाही, पेलेच्या वाटेवरचा उद्रेक ठरतो. अडचण अशी की पूर्वीच्या उद्रेकांच्या खडकांतही काच असते आणि जुना घुमट फुटला की तीही भुकटीत येते. आम्लयुक्त गरम पाण्याने जुनी काच सहसा मळते, तिची माती होऊ लागते, पण खडकाच्या आत सुरक्षित राहिलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या कणाइतकाच स्वच्छ दिसू शकतो. त्या काळी बेटावर असे कण नक्की ओळखण्याइतकी साधने नव्हती. काचेचे प्रमाण खूपच जास्त सांगितले गेले. पुढे नमुने पुन्हा तपासल्यावर ती काच ताजी नव्हती असे निष्पन्न झाले.

पुराव्याचा हा वाचनदोष खराच, आणि तो झाकायचे कारण नाही. पण सर्वोच्च प्रशासकाने १५ ऑगस्टला स्थलांतराचा आदेश दिला तो एकट्या काचेच्या भरवशावर नव्हे. धक्के वाढत होते, स्फोट थांबत नव्हते, जबाबदार तज्ज्ञांत एकमत नव्हते आणि थेट उतारावर वसलेले सेंट क्लोद व खालचे बास-तेर हे राजधानीचे शहर चढत्या धोक्यात होते. आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी या सबंध काळातला सर्वांत मोठा धक्का बसला. हातात काच नसती तरी त्या आठवड्यात लोकांना तिथेच झोपू द्या असे म्हणायला फार मोठा आत्मविश्वास लागला असता.

विभागप्रमुख परतले ते ठाम विरोध घेऊनच. लोकांना नाहक हलवले आहे, शिलारस आलेलाच नाही, असे ते उघड सांगू लागले. ३० ऑगस्टला त्यांच्यासह शास्त्रज्ञांचा एक गट माथ्यावर असताना स्फोट झाला. दगडांच्या माऱ्यात दहा-पंधरा मिनिटे ते अक्षरशः जमिनीला चिकटून राहिले आणि किरकोळ जखमांवर बचावले. बाष्पस्फोट हा शब्द ऐकायला सौम्य वाटतो, पण तोंडाशी उभ्या असलेल्या माणसासाठी तो सौम्य नसतो, हे त्या दिवशी दिसले.

पुढचे दोन महिने वैज्ञानिक मतभेदाची जागा वृत्तपत्रांतल्या भांडणाने घेतली. संस्थेच्या संचालकांनी विभागप्रमुखांना पदावरून दूर केले. दोघांनीही दूरचित्रवाणीवर आणि छापील रकान्यांत एकमेकांना खोडून काढले. इकडे शाळांत, नातेवाइकांकडे, मिळेल तिथे राहिलेल्या कुटुंबांना कोणावर विश्वास ठेवावा कळेना. केळीच्या बागांकडे बघायला माणूस नव्हते, दुकाने आणि कचेऱ्या बंद होत्या. या वादाचा सर्वांत मोठा तोटा मला इथे दिसतो. शास्त्रज्ञांत मतभेद असणे गैर नाही. मात्र संकट चालू असताना ते तज्ज्ञांच्या बैठकीत न मांडता जमावापुढे मांडले गेले, आणि प्रशासकाला नेमकी शक्यता किती हे विचारायला एकही मान्य जागा उरली नाही.

शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावर पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची समिती बसली. ताज्या शिलारसाचा पुरावा नाही, धक्के ओसरत आहेत, देखरेख वाढवून लोकांना परत जाऊ द्यावे, असा तिचा रोख होता. एक डिसेंबरपासून माणसे परतली. स्फोट १९७७च्या मार्चपर्यंत अधूनमधून होत राहिले, एकूण २६. दोन वर्षांत उपकरणांनी सुमारे १६ हजार धक्के नोंदवले. मृत्यू एकही नाही.

विभागप्रमुखांचे निदान खरे ठरले, म्हणून गोष्ट तिथेच संपवण्याचा मोह होतो. पण नंतरच्या दशकांत वायू, झऱ्यांतले क्लोरिन आणि भूकंपांच्या जागा यांचा पुन्हा अभ्यास झाला. त्यातून अनेक अभ्यासक असे मानू लागले की १९७६मध्ये काही नवा शिलारस खरोखरच खालून सरकला होता आणि काही किलोमीटर खोलीवर अडकून थंडावला. हा अर्धवट राहिलेला उद्रेक होता. तो तसाच पुढे सरकला असता की नाही, हे त्या ऑगस्टमध्ये कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते.

इतरत्र काय झाले तेही याच हिशेबात धरायला हवे. कोलंबियातल्या नेवादो देल रुइसवर १९८५च्या सप्टेंबरमध्ये बाष्पस्फोट झाला. ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशाही तयार होता, त्यात आर्मेरो गाव चिखलाच्या वाटेवर दाखवले होते. खर्च व गोंधळाच्या भीतीने गाव हलले नाही. १३ नोव्हेंबरच्या रात्री माथ्यावरचा बर्फ वितळून आलेला चिखल गावात पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, तरीही सुमारे २३ हजार माणसे मेली. याउलट फिलिपिन्समधल्या पिनातुबोवर एप्रिल १९९१मध्ये बाष्पस्फोट सुरू झाले तेव्हा गंधकाच्या वायूचे रोजचे प्रमाण मोजले गेले. ते दहा पटींनी वाढताना दिसले, म्हणजे शिलारस वर येतो आहे, आणि लोक हलवले गेले. १५ जूनचा उद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. हजारोंचे प्राण वाचले ते त्या मोजमापामुळे.

ग्वादलूपच्या अगदी जवळचा पुरावा मॉन्सेरात बेटाचा. तिथे १८ जुलै १९९५ला बाष्पस्फोट सुरू झाले आणि नोव्हेंबरात घुमट वाढू लागला. राजधानी प्लिमथ आधी रिकामी झाली, लोक परतले, पुन्हा बाहेर पडले आणि १९९६च्या एप्रिलनंतर परतलेच नाहीत. पुढच्या वर्षी शहर राखेखाली गेले. २५ जून १९९७च्या लोटात गेलेली १९ माणसे प्रवेशबंदी असलेल्या भागात होती. १९७६मध्ये ग्वादलूपची जी भीती फोल ठरली ती वीस वर्षांनी शेजारच्या बेटावर तंतोतंत खरी झाली. सेंट व्हिन्सेंटवर २०२१मध्ये मात्र ८ एप्रिलला आदेश निघाला, ९ तारखेला स्फोट झाला आणि डोंगराजवळची हजारो माणसे तोवर हलली होती.

शिलारस आलाच नाही तरी बाष्पस्फोट पुरेसा घातक असतो, हे जपानच्या ओंताके पर्वताने २७ सप्टेंबर २०१४ला दाखवले. इशारा सर्वांत खालच्या पातळीवर होता, दिवस शनिवारचा, माथा गिर्यारोहकांनी भरलेला. मृत व बेपत्ता मिळून ६३. न्यूझीलंडच्या व्हाइट बेटावर डिसेंबर २०१९मध्ये २२ जण गेले, तेही पर्यटक आणि त्यांचे वाटाडे.

ग्वादलूपमध्ये स्थलांतरानंतर बराच व्यापार बास-तेरहून पॉइंट-आ-पित्र या दुसऱ्या शहराकडे सरकला तो तिकडेच राहिला. प्रशासनाची राजधानी मात्र बास-तेरच आहे. पर्वतावर आता भूकंपमापकांचे दाट जाळे आहे, वायूंचे नमुने नियमित घेतले जातात आणि इशाऱ्याचे रंग ठरवून दिलेले आहेत. १९९०च्या दशकापासून धक्के आणि वाफेची तोंडे पुन्हा वाढली आहेत. १९९९पासून रंग पिवळा, म्हणजे दक्षतेचा, आहे. २७ एप्रिल २०१८ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, १९७६नंतरचा सर्वांत मोठा. पिवळा रंग बदलला नाही, मात्र माथ्यावरच्या वाफेच्या तोंडांजवळ जाण्यावर निर्बंध आले.