वऱ्हाडातला शेतकरी आणि कोकणातला सी टच प्लॉट

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे कारंजा, धामणगाव, पुलगाव, मेहकर ह्या पट्ट्यात व्हॉट्सअॅपवर कोकणातल्या प्लॉटच्या जाहिराती जाम फिरून राहिल्या. सी टच, बीचपासून चालत पाच मिनिटं, टायटल क्लिअर, अन् सोबत ड्रोनचा व्हिडिओ. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाला समुद्राकाठी घर काऊन पाहिजे, असं म्हातारे विचारतात, पण ह्यामागे बराच इतिहास आहे.

सगळ्यात अलीकडचं कारण पैसा. समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली त्यांना सरळ खरेदीत रेडी रेकनरच्या (म्हणजे सरकारी दराच्या) पाचपटीपर्यंत मोबदला भेटला. कोणी बाजूच्या गावात वावर घेतलं, कोणी पोरासाठी नागपूर-पुण्यात फ्लॅट, अन् काही जण आता समुद्राकडे बघतात. दुसरं कारण वाहतूक. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण आपल्याला तिचा उपयोग म्हणजे आधी कल्याण-पनवेल गाठा मग गाडी बदला. आता नागपूर-मडगाव स्पेशल वर्धा, बडनेरा, अकोला करत थेट रत्नागिरी-कुडाळला नेते, अन् समृद्धीही जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला.

त्याच्या आधी आपला अन् समुद्राचा संबंधच काय होता? १९५६ पर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मग द्वैभाषिक मुंबई राज्य, मग १९६० मध्ये महाराष्ट्र. म्हणजे ७२० किलोमीटरची किनारपट्टी आपल्या राज्यात आली तीच मुळी आत्ता आत्ता.

आता जे विकल्या जाते त्याबद्दल. गुहागर किंवा दिवेआगरसारख्या जुन्या गावात गेलात तर एक गोष्ट लगेच दिसते, घराचं तोंड समुद्राकडे नाही, रस्त्याकडे. घर जांभ्या दगडाचं, वर उतरतं कौलारू छप्पर, पुढे अंगण, मागे विहीर, मग नारळ-सुपारीची लांबलचक वाडी, तिच्या टोकाला सुरूची झाडं अन् त्याच्याही पलीकडे वाळू. खारा वारा अन् लाटा आधी झाडं झेलणार, मग घराचा नंबर. अगदी वाळूलगत राहत कोण, तर ज्यांची होडी तिथं लागते ते कोळी अन् गाबीत. सी व्ह्यू नावाची चीज त्या गावांनी कधी मागितलीच नव्हती.

सरकारनंही उशिरा का होईना तेच धोरण धरलं. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांची अधिसूचना आली, तिच्यात ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामाला बंद. २०११ मध्ये ती बदलली, पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात वाट ठेवली, पण ती त्यांच्यासाठी, वाशिमच्या माणसासाठी नाही. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ही मनाई ५० मीटरवर आणली, बाकी गावांना २०० मीटर कायम. त्याच वर्षी मार्चमध्ये अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. एवढ्या मोठ्या माणसाचा गेला, तर आपल्या टू बीएचकेचं काय घेऊन बसता?

पण माझ्या मते आपला माणूस समुद्राच्या नियमात कमी अन् सातबाऱ्यात जास्त अडकतो. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकऱ्याचा हिशेब थेट सरकारशी. नागपूर-वर्धा-भंडाऱ्याकडे मालगुजारी होती, गावचा सारा मधला मालगुजार गोळा करायचा, ती १९५१ मध्ये गेली. त्यामुळे आपल्या सातबाऱ्यावर साधारण दोन भाऊ, एखादी बहीण, सोसायटीचा बोजा, बस. कोकणात बऱ्याच गावात खोती. खोत सारा गोळा करणार, जमीन कसणार कुळं, अन् खोतकीचे हिस्से घराण्यात तक्षिमांनी वाटलेले. ह्या पद्धतीविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरी गावाला १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला, जमिनीच कसल्या नाहीत, तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं अन् जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा नेला. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानंतरच.

मग कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसणारा मालक झाला. पण कोकणात घरटी दोघंतिघं मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर गावाला, वाटणी कोणी करून घेतलीच नाही. आज एकेका गटावर चाळीस-चाळीस नावं सामाईक, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस विरार-डोंबिवलीला, अन् समोर बसलेला भाऊ एकटाच कुलमुखत्यारपत्र घेऊन सौदा करायला तयार. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव असलं तर वेगळाच घोर. अन् जमीन कुळानंच कायद्यात विकत घेतलेली असली तर कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवर बंधन असल्याचा शेरा असतो, २०१४ पासून ३२ म प्रमाणपत्राला (कुळानं जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या ४० पट रक्कम भरून विकता येते, नाहीतर आधी परवानगी काढा.

अन् इथंच आपल्याला एजंट लोक एवढे शोधत काऊन येतात ते समजते. कुळकायद्याच्या कलम ६३ नं शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. मुंबईच्या पगारदाराकडे सातबारा नाही, यवतमाळच्या कापूसवाल्याकडे आहे! त्याच्या जोरावर तो राजापुरात आंब्याची बाग घेऊ शकतो. घ्या ना बाप्पा, पण शेत म्हणून घ्या. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे गुंठे-गुंठे पाडून विकणं बसत नाही, अन् जाहिरातीतल्या प्लॉटवर घर बांधायचं तर त्याला बिगरशेती (एनए) वापराची मान्यता पाहिजे, अन् स्कीम ५०० चौरस मीटरच्या वर अन् आठापेक्षा जास्त प्लॉटची असली तर २०१७ पासून महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबरही. नंबर विचारला की निम्मे फोन तिथंच बंद पडतात.

बाकी राहिलं घर. आपल्याकडे स्लॅब टाकला की सुटलो, कवेलू फेरायची कटकट नाही. तिकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सपाट स्लॅबवर लोक परत पत्र्याचं छप्पर चढवतात, अन् खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल बघता बघता गंजते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यात हे पत्रे उडाले अन् पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वर्षभरात तौक्ते आलं. नव्या सी टच प्लॉटवर तर ती झाडं आधीच साफ केलेली असतात, व्हिडिओत समुद्र दिसावा म्हणून.